इथे एक तक्ता आहे

लेख शोधणं हे एक काम आणि तो वाचायला मिळणं हे दुसरं. भावाच्या बाबतीत या दोन कामांच्या मध्ये त्याची थोरली बहीण बसलेली असे.

भाऊ जन्मापासून अंध होता. नगरपालिकेत सकाळच्या पाळीला टेलिफोन ऑपरेटर होता आणि दुपारी कार्यालय सुटल्यावर पीएचडी करत होता. त्याचा विषय म्हणजे अंध मुलांच्या कुटुंबांवर आजवर झालेलं संशोधन. ते कोणी केलं, कोणाला विचारून केलं आणि कोणाला विचारायचं राहून गेलं, हे त्याला पाहायचं होतं. अलीकडचे लेख मिळायला त्रास नव्हता. ते तो उघडायचा आणि संगणक त्याला वाचून दाखवायचा. अडचण होती जुन्या लेखांची. कोणीतरी जाडजूड बांधीव अंक यंत्रावर पालथा घालून काढलेले ते पानांचे फोटो. संगणकाला त्यांत एकही अक्षर दिसत नसे. "चित्र," तो म्हणे. भाऊ पान पुढे सरकवी. "चित्र."

"लिहिलंय आंधळ्यांवर आणि वाचता येतं फक्त डोळसांना," भाऊ म्हणायचा. "काय बंदोबस्त केलाय लेकाच्यांनी!"

मग तो आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारी, "ताई, चित्रप्रदर्शन आलंय."

"आले रे पंडित," ताई म्हणे. लहानपणी तो प्रत्येक गोष्टीला तीन-तीनदा 'का' विचारायचा, तेव्हापासून घरात त्याचं नाव पंडित पडलं होतं. आईवडील गेल्यावर ते नाव वापरणारी ती एकटीच उरली होती.

ताई एका वकिलांच्या कार्यालयात टंकलेखिका होती. कार्यालय बंद झालं तेव्हापासून ती घरीच असे. करारनाम्याच्या दोन प्रती मोठ्याने वाचून ताडून पाहण्यात तिची उमर गेली होती, त्यामुळे शब्द न गिळता, न घसरता तासन्‌तास वाचणं तिला जमायचं. दोघांनी मिळून वाचनाची एक पद्धत बसवली होती. पान सुरू होताना त्याचा क्रमांक सांगायचा. तळटीप हलक्या आवाजात वाचायची. दुसऱ्या कोणाचं अवतरण आलं की 'उतारा सुरू', संपलं की 'उतारा संपला'. तक्ते मात्र ऐकणाऱ्याचा छळ करतात, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. ताईने एक तक्ता ओळीने वाचायला घेतला आणि तिसऱ्या ओळीला भावाने हात जोडले. तेव्हापासून नियम ठरला, तक्ता आला की ताईने 'इथे एक तक्ता आहे' एवढंच म्हणायचं आणि पुढे जायचं. लागलाच तर परत येऊ. तशी वेळ कधी आली नाही.

वाचन रुक्ष असलं तरी बसणं रुक्ष नसे. काही पानांच्या कडेला पान दाबून धरणाऱ्याचा अंगठाही छापून आलेला असायचा.

"हे बघ, अंगठाबहाद्दर पुन्हा आला," ताई सांगायची.

"साक्षीदार म्हणून असेल. एवढं सगळं आंधळ्यांबद्दल लिहिलंय, कोणीतरी डोळ्यांनी बघितलेला माणूस हवा ना."

लेख शोधून द्यायचे विद्यापीठाचे ग्रंथपाल. निवृत्तीला टेकलेला, गोष्टीवेल्हाळ माणूस. भावाने सुरुवातीला डेटाबेसमध्ये आजचे सभ्य शब्द टाकून शोध घेतला आणि मूठभर लेख हाती आले, तेव्हा त्यांनीच त्याला वाट दाखवली होती. "साहेब, आजचे शब्द टाकलेत तर आजचेच लेख मिळणार," ते म्हणाले होते. "जुने लेख जुन्या शब्दांखाली पुरलेत. त्या काळी तुम्हाला लोक जे जे म्हणायचे ते सगळं टाका. शिव्या द्यायला लाजू नका." भावाने टाकलं. लेख निघाले. एका लेखाच्या शेवटच्या संदर्भांतून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. ज्या नियतकालिकांची नावंसुद्धा कोणाच्या लक्षात नव्हती, त्यांचे अंक ग्रंथपाल दुसऱ्या विद्यापीठांतून मागवत आणि त्यांची चित्रं भावाला पाठवत.

पहिलं पान ताईने गाळलं ते अशाच एका लेखातलं.

एका शहरातल्या अंध मुलांच्या घरांची ती पाहणी होती. टंकलेखिकेचे डोळे बोटांच्या एक ओळ पुढे असतात आणि ताईचे डोळे जिभेच्याही पुढे असत. म्हणून तोंडात येण्याआधीच परिच्छेद तिने पाहिला. लिहिलं होतं: 'ज्या घरात थोरली मुलगी असते तिथे कालांतराने मुलाचा सर्व भार तिच्यावर येतो. अशा मुली बहुधा अविवाहित राहतात. पाहणीत त्या समाधानी आढळल्या. मात्र ते समाधान दुसरी वाट कधी न दिसल्याचं असावं.'

ताई थांबली.

"काय झालं?" भावाने विचारलं.

"इथे एक तक्ता आहे," ताई म्हणाली. "पुढे जाते."

पुढच्या लेखांतही त्या मुली आल्या. कुठे एक ओळ, कुठे अर्धं पान. एका लेखात सबंध विभागच थोरल्या बहिणींवर होता. ताईने तिथे लागोपाठ तक्ते सांगितले. पान लवकर संपलं की भाऊ म्हणायचा, "हे लोक तक्त्याशिवाय श्वास घेत नव्हते वाटतं." ताई म्हणायची, "नाही ना." आणि पुढच्या पानाचा क्रमांक सांगायची. तिच्या आवाजात काही फरक पडत नसे.

एका दुपारी भावाने नवा लेख उघडलाच नाही. तो खुर्चीत पुढे सरकून बसला होता.

"ताई, एक गोष्ट लक्षात आलीय का तुझ्या?"

"कुठली?"

"एवढे लेख झाले. आई आहे, बाप आहे, डॉक्टर आहे, मास्तर आहे. एका लेखात तर शेजारीसुद्धा आहे. बहीण नाही. कुठेच नाही. अंध मुलाला मोठं कोण करतं हे जगाला ठाऊक आहे आणि या विद्वानांना बहीण म्हणून काही असतं हेच ठाऊक नाही."

"असेल कुठेतरी. सगळे लेख कुठे झालेत अजून?"

"महत्त्वाचे सगळे झाले. मी यावर प्रकरण लिहिणार. नावही ठरवलंय, 'न दिसलेली बहीण'."

"कशाला उगाच नसतं काढतोस? आहे ते पुरं कर."

"नसतं? हे तुझं प्रकरण आहे, ताई. प्रबंधात बाकी सगळं विद्वानांचं आहे. एवढं एक तुझं."

सांगायचं असतं तर ते त्याच वेळी सांगता आलं असतं. ताई म्हणाली, "बरं, लिही." आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेली.

त्याने झपाटल्यासारखं लिहिलं. कार्यालयातून आला की हातपाय धुण्याआधी संगणकापाशी बसायचा. जुन्या संशोधनाने बहिणीला पाहिलंच नाही, हा प्रकरणाचा एक पाय. आणि माणसांची दुःखं तक्त्यांत घालून गप्प केली, हा दुसरा. हे दुसरं कलम त्याला फार आवडायचं. लिहिलेलं तो ताईला वाचून दाखवायचा, म्हणजे संगणकाकडून वाचून घ्यायचा. ताई भिंतीला टेकून ऐकायची. संगणकाच्या सपाट आवाजात स्वतःची बाजू मांडली जाताना ती बघत राहायची आणि शेवटी म्हणायची, "छान झालंय."

गाइड मॅडमनाही ते प्रकरण आवडलं. ताई भावाबरोबर त्यांच्या खोलीत गेली होती. खोलीत तीनच खुर्च्या, त्यांतल्या एकीवर उत्तरपत्रिकांचा ढीग. मॅडमनी ढीग जमिनीवर ठेवून ताईला बसायला लावलं.

"प्रबंधातलं सगळ्यात जोरकस प्रकरण हे आहे," मॅडम भावाला म्हणाल्या. "यावर स्वतंत्र लेख होईल. फक्त एक करा. तुम्ही म्हणता या लोकांनी सगळं तक्त्यांत कोंबलं. मग एखादा तक्ता परिशिष्टात लावा ना. वाचणाऱ्याला दिसू दे, कसे होते ते. बाहेरचे परीक्षक फार चिकित्सक आहेत, नुसतं म्हटलेलं त्यांना चालत नाही."

"एखादा कशाला, मॅडम? पोत्याने आहेत," भाऊ हसून म्हणाला.

घरी येताना ताईने दोन-तीनदा विषय काढला. पाच-पंचवीस ओळींचा तक्ता कशाला लावायचा? छपाईत अक्षरं बारीक येतील. जुनी पानं पुसट आहेत.

"ग्रंथपालांना निरोप पाठवलाय मी मघाशीच," भाऊ म्हणाला. "त्या शहरातल्या पाहणीतला पहिला तक्ता मागितलाय. स्वच्छ प्रत काढून देणारेत. तू का एवढी घायकुतीला आलीस?"

दुसऱ्या दिवशी भाऊ कार्यालयात गेल्यावर ताई ग्रंथालयात गेली. एकटी ती तिथे कधी गेली नव्हती. ग्रंथपाल टेबलावर डबा उघडत होते, तो त्यांनी तसाच बंद केला.

"ताई, तुम्ही? साहेब बरे आहेत ना?"

"बरा आहे. एक विनंती होती." ताई उभीच राहिली. "त्याने तक्त्याची प्रत मागितलीय. तो अंक सापडत नाही म्हणून सांगाल का? फाटला म्हणा. वाळवी लागली म्हणा."

ग्रंथपाल हसले. "अहो, वाळवीचं नाव या खोलीत काढू नका, माझी नोकरी जाईल." मग तिचा चेहरा बघून त्यांचं हसू थांबलं. "मी तुम्हाला फोन करणारच होतो. त्या लेखात तक्ता नाहीये. एकही. मी दोनदा बघितलं. म्हटलं, साहेबांचा काही घोटाळा झाला असेल, दुसरा लेख असेल. तो काढला. त्यातही नाही."

ताई टेबलावरच्या बंद डब्याकडे बघत राहिली.

"तुम्हाला माहीत होतं," ग्रंथपाल हळू आवाजात म्हणाले.

"अजून त्याला सांगू नका. मी सांगते. मला थोडे दिवस द्या."

ग्रंथपालांनी चष्मा काढला. "ताई, आमच्याकडे नवं यंत्र आलंय. फोटोतली अक्षरं ओळखतं. म्हटलं, पहिला मान साहेबांचा. आता त्यांना कोणापुढे बसायला नको, पान आपलं आपण बोलेल. ते दोन्ही लेख त्यातून काढले आणि सकाळी पाठवून दिले. वर चिठ्ठी लिहिली की तक्ता तेवढा सापडत नाही, तुम्हीच ऐकून बघा." ते थांबले. "मला वाटलं खूश होतील."

ताई घरी पोचली तेव्हा भाऊ आलेला होता. त्याची पिशवी दारातच पडली होती. आतून संगणकाचा आवाज येत होता, एका पट्टीतला, कुठल्याच शब्दावर न रेंगाळणारा: '...अशा मुली बहुधा अविवाहित राहतात. पाहणीत त्या समाधानी आढळल्या. मात्र ते समाधान दुसरी वाट कधी न दिसल्याचं असावं.'

ती दारात उभी राहिली. भावाने आवाज बंद केला.

"ताई?"

"हो."

"या पानावर तक्ता नाही."

"नाही."

"मागच्या पानावर?"

"नाही."

"मग आहे कुठे? एखादा तरी खरा आहे का?"

"काही लेखांत आहेत. खरे आहेत."

"कुठल्या?"

ताईला सांगता आलं नाही. खरोखरच आठवत नव्हतं.

"रोज तासन्‌तास फोनवर असतो मी," भाऊ म्हणाला. "माणसाने नुसता श्वास घेतला तरी कळतं मला की आता थाप मारणार. अख्ख्या नगरपालिकेत कोणी मला बनवत नाही. आणि तू..." त्याचं वाक्य तिथेच राहिलं. मग त्याने विचारलं, "का?"

"ते माझ्या तोंडाने कसं वाचायचं, तूच सांग. तुझ्यासमोर बसून, पान नंबर सांगून, 'थोरल्या बहिणीवर भार येतो' असं?"

"वाचायचं. कागदावर असेल ते वाचायचं. मी दुसरं काय मागितलं होतं तुझ्याकडे?"

"आणि तू काय केलं असतंस? दुसऱ्या दिवशी म्हणाला असतास, ताई, राहू दे, मी बाहेरचा वाचक बघतो. म्हणाला असतास की नाही?"



"म्हणालो असतो."

"मग?"

"म्हणजे मला लागू नये म्हणून नाही गाळलंस."

"तेही होतंच रे."

"आणि?"

"आणि मी दुपारी काय केलं असतं?" ताई म्हणाली.

त्याने हाताने टेबलाची कड चाचपली, जणू ती तिथेच आहे ना हे बघायचं होतं.

"प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा तरी बोलायचंस. मी महिनोन्‌महिने तुला वाचून दाखवत होतो. छान झालंय म्हणायचीस."

"छानच झालं होतं," ताई म्हणाली. "माझ्यावर कोणी काही लिहिलं नव्हतं कधी."

मॅडमना भावाने फोनवर सगळं सांगितलं, काही न लपवता. मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच म्हटलं की प्रकरण असं जाऊ शकत नाही, आणि आता इतर प्रकरणांतलाही प्रत्येक जुना संदर्भ पुन्हा तपासावा लागेल. विद्यापीठाकडून मुदत वाढवून घेऊ, पण एकदाच मिळेल. मग त्या म्हणाल्या, "प्रकरण वाचवायचं असेल तर एक मार्ग आहे. बहिणी लेखांत आहेत, ठीक. पण त्यांच्याबद्दल बोलतंय कोण? पाहणी करणारा. तिला स्वतःला कोणी विचारलंय? तेवढं तरी खरं आहे ना तुमचं?"

"नाही विचारलेलं. मी आता सगळे ऐकलेत."

"मग तुम्ही विचारा. तुमच्या वाचकाला विचारा. तिने काय गाळलं आणि का गाळलं, हे तिच्या तोंडून आलं तर ते प्रकरण पहिल्यापेक्षा मोठं होईल. नाहीतर काढून टाका."

ग्रंथपालांनी सगळे जुने लेख नव्या यंत्रातून काढून पाठवले. भाऊ दुपारी कानात इअरफोन घालून बसू लागला. यंत्राची चूक व्हायची, एखादं अक्षर ते भलतंच वाचायचं. ताईने एकदा विचारलं, "मी मूळ पान बघून दुरुस्त करून देऊ का?"

"नको. ग्रंथपाल करतात."

तो रागाने बोलला नव्हता. पाणी हवंय का विचारल्यावर नको म्हणावं, तसं म्हणाला होता. इतर वागण्यातही फरक नव्हता. जेवताना कार्यालयातल्या गमती सांगायचा, नगराध्यक्षांची नक्कल करायचा. फक्त दुपारी घरात आवाज नसे. ताईने कपाटं आवरली, मग आवरलेली कपाटं पुन्हा आवरली. त्याच्या चेहऱ्यावरून तो कुठल्या पानापाशी आहे हे तिला ओळखता यायचं. तिने गाळलेली जागा आली की तो थांबायचा आणि तेवढंच पुन्हा ऐकायचा.

तपासणी संपली तेव्हा त्याने ताईला मुलाखतीबद्दल विचारलं. मॅडम काय म्हणाल्या तेही सांगितलं. ताई पटकन हो म्हणाली, त्यालाच नवल वाटावं इतकी पटकन.

दुपारी दोघं नेहमीच्या टेबलाशी बसले. भावाने रेकॉर्डर मध्ये ठेवला. संमतीचा मजकूर ब्रेलमध्ये होता. त्यावर बोटं फिरवत तो वाचू लागला. "तुमची माहिती फक्त संशोधनासाठी वापरली जाईल. तुमचं नाव कुठेही येणार नाही—"

"तुमची?" ताई म्हणाली. "मी कधीपासून 'तुम्ही' झाले?"

"फॉर्मात तसंच आहे."

"बरं. वाचा, साहेब."

"कोणत्याही प्रश्नाचं उत्तर न देण्याचा तुम्हाला अधिकार आहे. तुम्ही केव्हाही माघार घेऊ शकता. दिलेली उत्तरं काढून टाकण्यास सांगू शकता. त्यासाठी कारण द्यावं लागणार नाही." त्याची बोटं थांबली. "मान्य?"

"मान्य."

सुरुवातीचे प्रश्न सोपे होते. ताईने लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. त्याला शाळेत सोडायची आणि वाटेत दुकानांच्या पाट्या वाचून दाखवायची ती. तोच तो केशकर्तनालयाचा बोर्ड त्याला रोज ऐकायचा असे. दोघंही हसले. मग भावाने पुढचा प्रश्न वाचला, तो लिहिला होता तसाच.

"भावाच्या जबाबदारीमुळे तुमच्या आयुष्यातला एखादा निर्णय बदलला का?"

ताईने रेकॉर्डरकडे बघितलं. त्याचा बारीक लाल दिवा लागलेला होता.

"एक शाळामास्तर आला होता," ती म्हणाली. "तुला सांगितलं होतं मी, फार बोलतो, मला नाही आवडला. फार बोलत नव्हता तो. खाली बघून बोलायचा. जाताना त्याने मला बाहेर व्हरांड्यात विचारलं, भाऊ आपल्याकडे राहणार का? मी हो म्हटलं. तो म्हणाला, मी प्रामाणिकपणे सांगतो, मला ते झेपणार नाही. वाईट माणूस नव्हता. खोटं बोलून नेलं असतं तर काय केलं असतं मी?"

"मला का नाही सांगितलंस?"

"हा प्रश्न फॉर्मात आहे का?"

"नाही."

"मग पुढचा विचार."

पुढचा प्रश्न विचारायला भावाला जरा वेळ लागला. "त्याचं तुम्हाला वाईट वाटलं का?"

"वाटलं."

"अजून वाटतं?"

ताईने विचार केला. "रोज नाही," ती म्हणाली.

आणि मग तिने हात पुढे करून रेकॉर्डर बंद केला.

"हे काढून टाक."

"ताई, शाळामास्तरचं गाळू. बाकीचं ठेवू."

"सगळं काढ."

"अगं, हेच तर प्रकरण आहे! एवढ्या लेखांत एकीच्याही तोंडचं एक वाक्य नाही. तुझं पहिलं असेल."

"उद्या हे छापून येईल. कुठल्यातरी घरात कोणीतरी मोठ्याने वाचेल. आणि समोर तिचा भाऊ बसलेला असेल."

"आता यंत्र वाचतं, ताई. कोणाला बसावं लागत नाही."

"मग तर प्रश्नच मिटला," ताई म्हणाली.

भाऊ अडून बसला. एकदा म्हणाला, मुदत संपत आलीय. एकदा म्हणाला, हे गेलं तर प्रबंधात तू कुठेच नसशील. ताईने दोन्ही ऐकून घेतलं.

"नियम तूच वाचलास," ती म्हणाली. "केव्हाही. कारण न देता."

त्याने रेकॉर्डर हातात घेतला. बटणं त्याला पाठ होती. पुसण्याआधी त्याने विचारलं, "एकदा परत ऐकू?"

"नको रे."

त्याने पुसलं.

प्रबंध मुदतीत गेला. 'न दिसलेली बहीण' हे प्रकरण त्यात नव्हतं. त्यापुढच्या प्रकरणांचे क्रमांक एकेकाने मागे आले. संशोधनपद्धतीच्या भागात भावाने एक वाक्य घातलं की काही जुन्या लेखांचं पहिलं वाचन अपुरं झालं होतं, ते सगळे पुन्हा तपासले आहेत. कोणाचं वाचन, ते लिहिलं नाही. मॅडमनी समासात 'कोणाचं?' असं विचारलं होतं. त्याने उत्तर दिलं, 'माझंच.'

तोंडी परीक्षेला ताई गेली. बघायला आलेल्यांसाठी मागे खुर्च्या होत्या, त्यांतल्या शेवटच्या खुर्चीवर बसली. बाहेरचे परीक्षक खरोखरच चिकित्सक निघाले, पण कामावर खूश दिसत होते. शेवटी त्यांनी कागद उलटसुलट केले आणि विचारलं, "एक शंका आहे. ज्या जुन्या पाहण्या तुम्ही अभ्यासल्यात, त्यांत थोरल्या बहिणींचा उल्लेख वरचेवर येतो. तुम्ही त्याबद्दल एक अवाक्षरही लिहिलेलं नाही. असं का?"

भाऊ उभा होता. त्याने मान किंचित मागे वळवली आणि पुन्हा सरळ केली.

"त्याबद्दल माझ्याकडे माहिती नाही, सर," तो म्हणाला.

परीक्षकांनी मान डोलावली आणि अहवालात ती एक उणीव म्हणून नोंदवली.